गुंतवळ आणि भांग

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा ताईने एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत महिनाभराची गुंतवळं होती, प्रत्येक दिवसाचं वेगळं, दोऱ्याने बांधलेलं. लहानपणी आमच्या गल्लीत केसांवर फुगे देणारी बाई यायची, तिच्यासाठी आई अशीच गुंतवळं कोनाड्यात जपून ठेवायची. ताईला मात्र ती डॉक्टरांना दाखवायची होती. तिचं वय ४९, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. "मोजून बघ गं," ती म्हणाली, "रोज पन्नास-साठ जातात. वेणी अर्धी झाली माझी."

मी खरंच मोजले. पन्नास-साठच होते. आणि एवढे केस कोणाचेही जातात, विशीतल्या मुलीचेसुद्धा. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते, तीन-एक महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून दुसरा उगवतो. सगळ्यांचं वेळापत्रक वेगवेगळं असल्यामुळे रोज पन्नास ते शंभर केसांची गळायची वेळ येतेच. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईला त्या दिवशी मोरीच्या जाळीवर गोळा दिसतो, कारण मधल्या दिवसांचे सुटलेले केसही तेव्हाच निघतात.

पण वेणी अर्धी झाली हेही खरंच होतं. मग केस गेले कुठे?

ते गेलेच नव्हते, बारीक झाले होते. समजा केसाची जाडी ८० मायक्रॉन होती आणि ती ६० झाली. हा फरक डोळ्याला जाणवणारही नाही, कारण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण वेणीचा जाडपणा केसाच्या रुंदीवर नाही, त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने घटतं. ८०चा वर्ग ६४००, ६०चा ३६००. म्हणजे एकही केस न गळता वेणी ५६ टक्क्यांवर येते. म्हणून मी म्हणते, गुंतवळ मोजत बसू नका, भांगाकडे लक्ष ठेवा. पाळी गेल्यानंतर विरळ होणाऱ्या केसांची पहिली खूण बहुधा तिथे दिसते. कपाळावरची केसांची रेषा जागेवर राहते आणि भांग मात्र माथ्याकडे रुंद होत जातो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ साली याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही दवाखान्यात वापरतात.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. भांगाशेजारचा एक केस आणि मानेच्या वरचा, डोक्याच्या मागचा एक केस घ्या. पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवा आणि भिंगातून पाहा. ताईच्या कागदावर मागचा केस काळाभोर, सुतासारखा होता. पुढचा त्याच्यापुढे कोळिष्टकाच्या धाग्यासारखा दिसत होता. डोकं एकच, पण माथ्यावरची मुळं आणि मागची मुळं संप्रेरकांना, म्हणजे हार्मोन्सना, सारखा प्रतिसाद देत नाहीत.

इस्ट्रोजेन हे स्त्रीचं मुख्य संप्रेरक केसांची वाढीची अवस्था लांबवतं. गरोदरपणात केस दाट होतात आणि बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी भसाभसा गळतात, ते यामुळेच. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन खूपच उतरतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी संप्रेरकं म्हणतो ती स्त्रीच्या शरीरातही असतात आणि ती इतक्या झपाट्याने कमी होत नाहीत, त्यामुळे तराजू त्यांच्याकडे झुकतो. आनुवंशिकतेने ज्यांच्या माथ्यावरची मुळं नाजूक आहेत, त्यांची मुळं दर फेरीत थोडी लहान होतात. वाढीचा काळ आखडतो, केस बारीक आणि आखूड निघतो. विशेष म्हणजे हीच संप्रेरकं हनुवटीवरच्या लवेचा राठ केस करतात. एकाच वयात एकीकडे केस विरळ आणि दुसरीकडे दाट, हे अनेकींना फार लाजिरवाणं वाटतं. त्यात तुमची काहीही चूक नाही. रक्त तपासलं तर बहुतेकींची अँड्रोजेनची पातळी अगदी सामान्य निघते.

तरीही सगळं वयावर ढकलून मोकळं होऊ नये. पाळी जाण्याआधीची दोन-चार वर्षं अनेकींना अतोनात रक्तस्राव होतो आणि शरीरातला लोहाचा साठा संपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. थायरॉइडही याच वयात बिघडतं. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी) आणि टीएसएच (थायरॉइडची) या तपासण्या आधी कराव्यात. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचं डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. ते प्रकरण वेगळं, बहुधा आपोआप सावरणारं. आणि कपाळावरची रेषाच मागे सरकत असेल, भुवया विरळ होत असतील तर थांबू नका. सिडनीच्या डॉ. कोसार्ड यांनी १९९४ साली पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्यात मुळांच्या जागी व्रण होतो आणि गेलेला केस परत येत नाही.

केसांच्या गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. जे कमी आहे ते भरून काढावं, पण नसलेल्या कमतरतेसाठी मूठभर गोळ्या घेऊ नयेत. या गोळ्यांतलं बायोटिन हे जीवनसत्त्व जास्त डोसमध्ये रक्ताच्या काही तपासण्यांमध्ये ढवळाढवळ करतं. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन तपासणीसुद्धा खोटी नॉर्मल येऊ शकते. रक्त द्यायला जाताना बायोटिन घेत असल्याचं जरूर सांगा. अतिरेकाचं उदाहरण तर आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. तपासात त्यांच्या शरीरात सेलेनियम हे खनिज प्रमाणाबाहेर आढळलं. तेच सेलेनियम केसांच्या कित्येक गोळ्यांमध्ये घातलेलं असतं.

तेलाचं काय? खोबरेल तेलाने मूळ पुन्हा जाड होतं याला भक्कम पुरावा नाही. पण उगवलेला केस जपायला ते चांगलं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं होत नाही. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही मला तो प्रयोग पटतो, कारण खोबरेलाचा रेणू लहान असल्याने आत शिरतो, हे त्यांचं कारण समजण्यासारखं आहे. बारीक केसाला थोडं तेल न्हाण्याआधी पुरतं. ओला केस कमकुवत असतो, म्हणून पंच्याने झटकणं सोडा. टिपून घ्या आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता काढा. केस जातील या भीतीने न्हाणं टाळू नका, जे सुटलेत ते जाणारच. विरळ केसांवर जड गंगावन घट्ट बांधलं की मुळं ओढली जातात.

मूळ सुधारणारं, सर्वांत जास्त अभ्यासलेलं औषध मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली आणि तिचा हा दुसरा उपयोग ध्यानात आला. अमेरिकेत स्त्रियांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १९९१ साली मान्य झालं. त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो. इथेच घाबरून कितीजणी औषध सोडतात! परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की कमावलेलं हळूहळू जातं. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी ते विषारी आहे.

ताईचं फेरिटिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि हे औषध तिने संक्रांतीपासून सुरू केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी, त्याच उजेडात, भाचीकडून भांगाचा फोटो काढून घेते. जूनच्या फोटोत भांगाच्या दोन्ही कडांना उभे राहिलेले, फणीला पाणी लावूनही न बसणारे काळे केस दिसतात. बोटाच्या पेराएवढे आहेत. महिन्याला एक सेंटीमीटर या हिशेबाने खांद्यापर्यंत यायला त्यांना अडीच वर्षं तरी लागतील.