पोलादी केसिंगवरील मृदा-घर्षण
रस्ता वा लोहमार्ग न उकरता त्याखालून पोलादी नळ (केसिंग) जॅकने पुढे ढकलताना त्याच्या बाहेरील पृष्ठावर माती जो रोध करते तो. जॅकची क्षमता आणि खड्ड्यातील मागच्या आधार-भिंतीची जाडी या रोधावरून ठरते. नळ ढकलण्याच्या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १८९६ ते १९०० च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या कामांशी जोडला जातो.

नळाचा परिघ, लांबी व एकक-घर्षण (दर चौ.मी. पृष्ठावरील घर्षण) यांचा गुणाकार हे मूळ सूत्र. १ मी. बाह्य व्यास, ३० मी. लांबी आणि ५ किलोपास्कल घर्षण धरल्यास सुमारे ४७१ किलोन्यूटन, म्हणजे ४८ टन बल लागते. वाद आहे तो एकक-घर्षणाचा, व तो मुख्यतः ते घर्षण निर्माण करणाऱ्या वरच्या मातीच्या भाराविषयी आहे. कणगीच्या तळावर सगळ्या धान्याचा भार येत नाही, काही भाग कूड पेलतो. जर्मन अभियंते यानसेन यांनी १८९५ मध्ये कोठारांसाठी मांडलेला हाच विचार मृदायांत्रिकीचे प्रणेते टेर्झागी यांनी १९४३ मध्ये मातीस लावला. टेर्झागी पार्श्वदाब-गुणांक (आडव्या व उभ्या दाबांचे गुणोत्तर) १ घेतात आणि सरकपृष्ठावर पूर्ण घर्षणकोन (मातीचे अंतर्गत घर्षण दाखवणारा कोन) धरतात. ए-१६१ या जर्मन मार्गदर्शिकेच्या पद्धतीत गुणांक ०.५ आणि कोन निम्मा. याच पद्धतीत नळावर भार देणाऱ्या मातीच्या पट्ट्याची रुंदी व्यासाच्या √३ पट. घर्षणकोन ३०°, घनभार १८ किलोन्यूटन प्रति घ.मी., नळावर ३ मी. माती आणि चिकटपणा शून्य घेतल्यास १ मी. व्यासासाठी पहिल्या पद्धतीने सुमारे २७, दुसरीने ४३ किलोपास्कल दाब येतो. कमानक्रिया (भाराचा काही भाग असा बाजूंनी पेलला जाणे) न मानल्यास ५४. उथळ कामांत दुसरी पद्धत अधिक सावध ठरते.

पुण्यात मात्र या सूत्रांपेक्षा जमिनीची जात निर्णायक ठरते. शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले असून पश्चिमेच्या उतारांवर मुरूम लवकर लागतो. घट्ट मुरमात ऑगरने (माती कोरणाऱ्या स्क्रूने) केलेले भोक पुष्कळदा स्वतःच उभे राहते. नळ परिघभर न टेकता केवळ तळाशी टेकतो. १२ मिमी. जाडीच्या वरील नळाचे वजन मीटरला सुमारे २९० किलो, ३० मीटरला पावणेनऊ टन, घर्षणांक ०.५ धरला तरी साडेचार टनच होतात (नळातील कोरलेल्या मातीचे वजन वेगळे). येथे परिघाचे सूत्र वापरणे म्हणजे दसपट जॅक मागवणे. याउलट मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले बेसाल्टचे गोटे असतात. एखादा नळाच्या कडेला अडकला की कोणतेच सूत्र चालत नाही.

मुळा-मुठेच्या काठाने पूर्वेकडे, मांजरीच्या बाजूस, काळी माती असते. ती भिजली की फुगते, आणि नळ थांबला की धरते. पुढचा तुकडा वेल्ड करण्यास काही तास जातात. नंतर जॅकचा पंप सुरू होताच दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पूर्वीच्या पुढे उडी घेतो, नळ हलला की मागे येतो. अंदाज या उडीसाठी करावा, सरकत्या नळासाठी नव्हे. वेल्डची फुगीर शिवण बाहेरून घासून सपाट न केल्यास तीही अडते. बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचे दाट पाणी नळाभोवती सोडल्यास घर्षण बरेच उतरते; मात्र कोरड्या, भेगाळ मुरमात ते झिरपून जाते.

संशोधक पोटयोंडी यांच्या १९६१ च्या प्रयोगांनुसार पोलाद व वाळू यांमधील घर्षणकोन वाळूच्या स्वतःच्या घर्षणकोनाहून कमी असतो. गुळगुळीत पोलादावर तो सुमारे निम्मा, गंजलेल्यावर पाऊणपट. आवारात दोन पावसाळे पडून राहिलेला नळ म्हणून नव्यासारखा धरू नये.