‘मीडियम द्या’ म्हणण्याआधी
(गुडघ्याचे, कमरेचे पट्टे आणि काठ्या घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या काउंटरवर हा संवाद रोज होतो.

“नी-कॅप द्या, आईसाठी.”

“आईंना आणलंय का?”

“तिला जिना उतरवत नाही हो. मीडियम द्या.”

“गुडघ्याचा घेर किती?”

“घेर... नॉर्मलच आहे.”

नॉर्मल हा साइझ कोणतीही कंपनी काढत नाही. दोन दिवसांनी तीच नी-कॅप पिशवीतून परत येते आणि वर तक्रार, “फरक तर नाहीच, उलट पोटरी सुजली.” वापरलेला माल बदलत नाही म्हटले की वाद. शेवटी आईंना रिक्षात बसवून आणावेच लागते. पहिल्यांदाच आणले असते तर तुमच्या दोन खेपा वाचल्या असत्या आणि आमचा अर्धा तास. म्हणून हे पत्रक.

गुडघ्यात काय बिघडते

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे. आमचा गल्ला मात्र त्यातल्या मोजक्यांवर चालतो : गुडघ्यात एकत्र येणारे मांडीचे हाड, नडगी आणि वाटी, शिवाय कमरेचे ५ मणके. सगळा भार तिथेच येतो ना! सपाट रस्त्यावरसुद्धा दर पावलाला गुडघा आपल्या वजनाच्या दोन-तीन पट ओझे झेलतो, जिन्यावर त्याहून जास्त. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या उभ्या लाकडी जिन्यांचे तर विचारूच नका.

“ग्रीस संपलंय,” असे बरेच जण सांगत येतात. खरे तर हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो झिजतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीसारखी ती भरून येत नाही. वंगणाचे म्हणाल तर सुजलेल्या गुडघ्यात ते उलट जास्तच साठलेले असते. नी-कॅपने कूर्चा परत येत नाही, हे विकणारेच सांगताहेत असे समजा. ती ऊब देते, आधार देते, पाऊल टाकायला धीर देते. वजन १ किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. तेवढे काम करणारी वस्तू आमच्या दुकानात तरी नाही.

माप

नी-कॅप सैल असली तर ती पायमोज्यासारखी घसरत नडगीवर येते आणि तिचा उपयोग शून्य. घट्ट असली तर बसताना गुडघ्यामागे तिची वळी होते. परवा एका मावशींची नी-कॅप उतरवली तर गुडघ्यामागे बोटभर रुंद लाल खाच पडलेली, खाली पोटरी फुगलेली. मुलाने प्रेमाने आणली होती, “जरा घट्ट असली की पकड चांगली” म्हणून. पकड होती खरी, पण रक्त परत वर जायच्या वाटेवर.

घरी माप घेणार असाल तर शिवणकामाची कापडी टेप घ्या. सुताराची लोखंडी टेप किंवा सुतळी नको. माणूस उभा असावा, पाय सरळ, वजन दोन्ही पायांवर. वाटीच्या बरोबर मधून टेप फिरवा, कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपत. कपड्यावरून मोजू नका. दोन्ही गुडघे मोजा, दुखरा बहुधा अर्धा-एक सेंटिमीटर मोठा निघतो. संध्याकाळी सूज येत असेल तर माप संध्याकाळीच घ्या. आकडा कागदावर लिहा आणि पुढे सेंमी की इंच तेही लिहा. नुसते ‘१५’ लिहून आणलेल्या चिठ्ठ्यांचा आमच्याकडे छोटासा संग्रह झाला आहे.

कमरेच्या बेल्टची गंमत वेगळी. काका छातीठोकपणे सांगतात, “पँट ३६ची.” पँट बांधतात पोटाच्या खाली, बेल्ट बसतो पोटावरून. टेप लावली की ४१ निघते आणि काकू हसू दाबतात. त्यात कंपन्यांचे तक्ते निराळे : एक घेर बेंबीच्या रेषेत धरते, दुसरी कुल्ल्यांवर. एकीचा मीडियम दुसरीचा लार्ज. म्हणून साइझ तुम्ही सांगू नका, आकडा सांगा. साइझ आम्ही काढतो.

दुकानात माप घ्यायचे पैसे लागत नाहीत, खरेदी केली नाही तरी. पट्टा घालून दुकानातच चार फेऱ्या मारायला लावतो, बाकावर बसवतो, उठवतो. “एवढं काय त्यात” म्हणणारे असतात. पण हीच नी-कॅप मोबाइलवरून मागवली तर ५०-६० रुपये स्वस्त पडते हे आम्हालाही ठाऊक आहे. फरक त्या चार फेऱ्यांचा आहे.

वापरलेली वस्तू परत घेत नाही, कारण ती कुणाच्या तरी घामट कातडीवर बसलेली असते आणि पुढचे गिऱ्हाईक तुमची आईही असू शकते. पाकीट फोडले नसेल तर तीन दिवसांत साइझ बदलून देतो.

डॉक्टरांनी लिहून दिले आहे तेवढाच वेळ पट्टा बांधा. रात्री बांधून झोपू नका, तसे मुद्दाम सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

काठी कोणत्या हातात

उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, आमच्या वडिलांनीही वर्षभर तशीच धरली, आणि आम्ही दुकानदार असून बघत राहिलो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचा, म्हणजे भार दोघांत वाटला जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. उंचीसाठी चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपाशी मूठ आली पाहिजे. लाकडी काठी त्या मापाला आम्ही फुकट कापून देतो. खालचे रबरी बूट गुळगुळीत झाले की बदला. ओल्या लादीवर घसरून खुबा मोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.

आम्ही विकायला नकार देतो तेव्हा

याचा राग काही जणांना येतो. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा झाला की दसऱ्याच्या सकाळी लंगडणाऱ्यांची रांग लागते. घोटा मुरगळला, चार पावलेही टाकता येत नाहीत आणि मागणी मात्र अँकलेटची, म्हणजे घोट्याच्या पट्ट्याची. अशांना आधी एक्स-रे काढायला पाठवतो. मोडलेल्या हाडावर पट्टा आवळला किंवा ओळखीतल्या कुणाकडून तेल लावून चोळून घेतले तर नुकसानच होते. उत्तरायणात गच्चीवरून पडलेल्यांचेही तेच.

सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पायाचा अंगठा मध्यरात्री अचानक ठणकून सुजला तर ते युरिक अॅसिडचे असू शकते, त्यावर पट्टा नाही. बोटांचे सांधे सुजलेले आणि सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेले असतील तर ती झीज नसून सुजेचा संधिवात (रुमॅटॉइड) असण्याची शक्यता मोठी. तिथे औषध लवकर सुरू होण्याला महत्त्व. कंबर दुखता दुखता जांघेकडचा भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर दुकानात येण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पाळी गेलेल्या बायकांना एक सांगणे. नुसत्या पडण्याने मनगट मोडले, उंची कमी वाटू लागली, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या तपासणीतला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली आला की हाडे ठिसूळ झाली असे धरतात. बेल्टने हाड मजबूत होत नाही.

येताना गुडघ्यावर सरकेल असा सैल पायजमा किंवा परकर घालून या, जीन्स नको. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुना पट्टा असेल तर तोही आणा, कुठे झिजला आहे ते पाहून बरेच कळते. दुपारी १ ते ४ दुकान बंद. ज्यांना खरोखरच जिना उतरवत नाही त्यांच्याकडे गुरुवारी संध्याकाळी आम्ही टेप आणि दोन-तीन साइझ घेऊन येतो. मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत वेगळे पैसे नाहीत. आदल्या दिवशी पावतीवरच्या नंबरवर कळवा. चहा ठेवू नका, पण जिन्यातला दिवा तेवढा लावून ठेवा.