शंका कुणी पेरली?

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या एका केळीच्या मळ्यात उभा होतो. पानांच्या कडा करपून तपकिरी झालेल्या, काही घड दांड्यातून सटकून खाली पडलेले. मळ्याचे मालक म्हणाले, "भाऊ, ऊन काय आजचं आहे का? आमच्या आजोबांच्या काळीही भुसावळ असंच तापायचं. मग हे हवामानबदलाचं काय नवीन काढलं?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरच्या, झोपेची आठवण दिली. आभाळ निरभ्र असलं की पहाटेपर्यंत धाबं निवतं; ढग आले की रात्रभर तलखी. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. ढग आणि बाष्प ती अडवतात, त्यातली बरीच परत खाली धाडतात. कार्बन डायऑक्साइडही हेच करतो. फक्त ढग सकाळी पांगतात, हा वायू शेकडो वर्षं हवेत राहतो. तो उष्णता शोषतो हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण ३१५ भाग होता. कोळसा, तेल जाळून तो वाढत गेला; आज ४२० च्या वर आहे. आजोबांच्या काळचं ऊन खरंच होतं. त्याच्यावर आता ही भर पडते आहे.

इतकी जुनी, साधी गोष्ट वादाची कशी झाली? अमेरिका-ब्रिटनमधल्या उजव्या पक्षांचं विज्ञानाशी जन्मापासून वाकडं होतं, असं मुळीच नाही. १९८८ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेत तापमानवाढीचा इशारा दिला तो तेव्हाच्या उजव्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या. (पुढे त्यांचाही सूर बदलला, हे दुर्दैव.) १९९२ च्या हवामान करारावर अमेरिकेकडून सही केली ती उजव्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष थोरल्या बुश यांनी.

शंका मुद्दाम पेरली गेली. तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी १९८९ मध्ये 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' ही हवामानविषयक निर्बंधांना विरोध करणारी आघाडी उभारली. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांचे जुने अंदाज बरेचसे अचूक निघाले, तरी कंपनी बाहेर अनिश्चिततेचीच भाषा बोलत राहिली. फ्रँक लुंट्झ या सल्लागाराने रिपब्लिकन नेत्यांना लेखी सल्ला दिला, की विज्ञानाची खात्री झालेली नाही हाच मुद्दा लावून धरा. २०१५ च्या फेब्रुवारीत रिपब्लिकन सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी सभागृहात बर्फाचा गोळा आणून फेकला. एका थंड दिवसावरून साऱ्या पृथ्वीचा निकाल लावायचा, ही फसवणूकच होती.

माध्यमांनीही खतपाणी घातलं, पुष्कळदा चांगल्या हेतूने. 'दोन्ही बाजू' द्यायच्या म्हणून हजारो शास्त्रज्ञ एका पारड्यात आणि मूठभर विरोधक दुसऱ्या पारड्यात. १९८८ ते २००२ या काळातल्या मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांचा अभ्यास झाला, तर निम्म्याहून अधिक बातम्या अशाच निघाल्या. बीबीसीने आपलं चुकत होतं हे कबूल करायला २०१८ उजाडलं.

आपल्याकडे भुसावळच्या पाऱ्याची बातमी दर उन्हाळ्यात येते, रुमाल बांधलेल्या माणसांच्या फोटोसह. पारा का चढतो, ते वाक्य मात्र क्वचितच सापडतं. केळीच्या हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई त्याच पाऱ्यावर ठरते आणि सगळ्या पक्षांचे पुढारी त्या भरपाईसाठी भांडतात. ते योग्यच आहे. पण भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्यांबद्दल, तिथे जळणाऱ्या कोळशाबद्दल तुमच्या पक्षाचं धोरण काय, हेही जळगावच्या पत्रकारांनी त्यांना त्याच वेळी विचारावं.