घरगुती व्यायामक्रमातील कोअर व्यायाम

छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटापर्यंतचा धडाचा भाग चारही बाजूंनी सावरून धरणाऱ्या स्नायूंना व्यायामाच्या परिभाषेत ‘कोअर’ म्हणतात. पोटाचा पुढचा उभा स्नायू, दोन्ही कुशींतले तिरके स्नायू, त्यांच्या आत कमरेला पट्ट्यासारखा वेढा घालणारा आडवा उदरस्नायू, कण्याला बिलगून असलेले पाठीचे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, एवढ्यांचा त्यात समावेश होतो; काही अभ्यासक नितंबांचे स्नायूही त्यात धरतात. घरी व्यायाम करणाऱ्याने या स्नायूंसाठी वेगळा वेळ द्यावा, की जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांतून त्यांना मिळतो तेवढा ताण पुरेसा मानावा, याविषयी मतभेद आहेत. याचे उत्तर व्यायामक्रमात आणखी काय आहे यावर ठरते. वजने नसलेल्या घरगुती क्रमात मात्र कोअरला लहानसा, पण ठरलेला वाटा असणेच योग्य होय.

या स्नायूंचे मुख्य काम धड वाकवण्यापेक्षा धड स्थिर ठेवण्याचे आहे. हातपाय जोर लावत असताना कणा नको तिकडे वाकू वा पिळू नये, याची काळजी ते घेतात. येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये कण्याच्या स्थैर्याची मांडणी केली. तीत मणके, चकत्या व अस्थिबंध, त्यांना आधार देणारे स्नायू आणि या स्नायूंना वेळेवर कामाला लावणारी मज्जासंस्था असे तीन परस्परावलंबी घटक होते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांना असे आढळले, की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या किंचित आधीच त्याचा आडवा उदरस्नायू आवळला जातो, तर कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा आवळला जातो. या निरीक्षणातून पुढे कोअर व्यायामांची मोठी लाट उसळली. तिच्यात मूळ संशोधनाने न केलेले दावेही वाहून आले, आणि कोअरवरचे आजचे बरेचसे आक्षेप खरे तर या दाव्यांवर आहेत.

वेगळ्या कोअर व्यायामांची गरज नाही असे म्हणणाऱ्यांचा आधार बहुधा व्यायामशाळेतला असतो. खांद्यावर दांडा घेऊन मारलेल्या जड बैठकांत किंवा जमिनीवरून वजन उचलताना पाठीचे स्नायू कोणत्याही प्लँकपेक्षा, म्हणजे कोपरे व पायांची बोटे टेकवून शरीर फळीसारखे सरळ धरण्याच्या व्यायामापेक्षा, अधिक कामाला लागतात, हे खरे आहे. मात्र पोटाच्या पुढच्या आणि कुशीतल्या स्नायूंवर त्या बैठकांतही प्लँकइतका ताण येत नाही. शिवाय घरात तो दांडा नसतो. बिनवजनाच्या बैठकेत धडावर केवळ स्वतःच्या शरीराचा भार येतो आणि काही आठवड्यांत त्याची सवय होते, त्यामुळे व्यायामशाळेतला हा युक्तिवाद जसाच्या तसा घरी लागू करता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणे. तलावपाळीचे फेरे, उपवनाचा काठ, येऊरचा चढ, नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानाची पायवाट ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. चालण्याने हृदयाला आणि पायांना भरपूर लाभ होतो, धडाच्या स्नायूंना मात्र फारसा ताण मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर हा क्रमही वरचेवर मोडतो. ऐरोली-महापे पट्ट्यातील कार्यालयांत काम करणाऱ्यांचा दिवस खुर्चीवर जातो. लोकलमध्ये कडी धरून तोल सावरणे म्हणजे कोअरचा व्यायाम, असा समज आढळतो; पण तो ताण इतका हलका असतो की त्याने बळ वाढत नाही. घरी व्यायाम करायचा तर नौपाड्यातील जुन्या इमारतींत किंवा सिडकोच्या लहान सदनिकांत दिवाण आणि टीव्हीच्या कपाटामध्ये एका चटईपुरती जागा निघते, आणि उड्यांचे व्यायाम केले की खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. कोअर व्यायामांना तेवढी चटई पुरते आणि त्यांचा आवाज होत नाही. जो व्यायाम अडचणीशिवाय रोज करता येतो तोच टिकत असल्यामुळे, ही सोय गौण मानू नये.

व्यायामांच्या निवडीत कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन प्रकार घरासाठी विशेष उपयुक्त आहेत. पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा वाकवतात, दुसरा पाय सरळ ठेवतात आणि दोन्ही तळवे कमरेच्या नैसर्गिक पोकळीखाली सरकवतात. मग डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलून आठ-दहा सेकंद धरतात. तळव्यांवर कमरेचा दाब वाढला, तर कंबर सपाट होऊन कणा वाकतो आहे हे लगेच कळते. दुसरा प्रकार कुशीवरचा, म्हणजे एका कोपरावर शरीर आडवे सरळ तोलून धरण्याचा साइड प्लँक. नवख्याने तो गुडघे टेकवून करावा. तिसऱ्यात हातापायांवर ओणवे होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे ताणतात. कमरेवर ठेवलेली पाण्याची वाटी सांडणार नाही इतके धड स्थिर राहिले, तर तो नीट साधला. नेहमीच्या सिट-अपमध्ये मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो असे मॅकगिल यांच्या मोजणीत दिसले होते, त्यामुळे कंबर दुखणाऱ्याने त्या टाळलेल्या बऱ्या. अमेरिकी नौदलानेही २०२१ मध्ये आपल्या शारीरिक चाचणीतून कर्ल-अप हा सिट-अपसारखा व्यायाम काढून प्लँक आणला.

ज्यांच्या दिनक्रमात जोर आणि सूर्यनमस्कार आधीपासून आहेत, त्यांनी सगळेच प्रकार करण्याची गरज नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारात धड पुढे-मागे वाकते आणि मध्ये काही क्षण हातांवर तोललेही जाते. परंतु कुशीकडून येणारा किंवा धडाला पीळ देऊ पाहणारा ताण त्यात नाही. जोरातही तीच उणीव राहते. अशांना साइड प्लँक आणि एका हाताने ओझे वाहणे एवढी भर पुरेशी आहे. या दुसऱ्या व्यायामासाठी दहा किलो तांदळाची पिशवी एका हातात घेऊन, खांदे समपातळीत ठेवून दारापासून खिडकीपर्यंत चालावे. पिशवी धड आपल्या बाजूला ओढते आणि विरुद्ध कुशीला ते सरळ ठेवावे लागते. उद्वाहन बंद पडल्यावर सामान घेऊन जिना चढणाऱ्याला हाच ताण सोसावा लागतो.

कोअर व्यायामांकडून करू नयेत अशा अपेक्षा दोन आहेत. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जाते ही समजूत चाचण्यांत टिकलेली नाही. स्नायू बळकट होतो, पण त्यावरचा थर आहारावर आणि एकूण हालचालीवर अवलंबून राहतो. जुनाट कंबरदुखीत या व्यायामांनी आराम पडतो, मात्र तो इतर नियमित व्यायामांनी पडणाऱ्या आरामापेक्षा ठळकपणे अधिक असल्याचे दिसलेले नाही. रुग्णाने आपल्याला झेपेल आणि आवडेल तो व्यायाम धरावा, हे यातून निघते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूगटांचा बलवर्धक व्यायाम करावा. तीन दिवस, दर वेळी आठ-दहा मिनिटे कोअरसाठी दिली तर ती या क्रमात सहज बसतात. पहाटे उठून लोकल गाठणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्याउठल्या कंबर वाकवली तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून कंबरदुखी असलेल्यांनी क्रंच (पाठीवर झोपून पोट आवळत खांदे उचलणे) किंवा खोल पुढे वाकणे दिवसाच्या नंतरच्या भागात ठेवावे. पोट आवळताना श्वास कोंडू नये, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध फट राहिलेली असेल, किंवा कमरेतून पायात कळ आणि मुंग्या उतरत असतील, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी.

प्लँक मिनिटभर न थरथरता धरता येऊ लागला की वेळ वाढवत नेण्यात अर्थ उरत नाही. प्रकार अवघड करावा. एक हात उचलून दुसऱ्या खांद्याला लावणे हा एक मार्ग आहे. दुसऱ्यात पायांखाली जुना टॉवेल घेऊन लादीवर प्लँक धरतात आणि कोपरांच्या आधाराने शरीर सावकाश मागे-पुढे सरकवतात. कंबर खाली झोल खाऊ लागली की तिथेच थांबावे, कारण त्यापुढचा भार स्नायूंवर न राहता मणक्यांवर जातो.