रेसचा घोडा रिटायर झाला म्हणजे संपला?

रेसिंग सुटलं की घोडा म्हातारा, तापट आणि बिनकामाचा, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चुकीचं आहे. बरेच थरोब्रेड (रेससाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे) ४-६ वर्षांचे असतानाच रिटायर होतात, आयुष्य मात्र २५-३० वर्षांचं! तापट वाटतात कारण दाणा भरपूर आणि दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात बंद. शिवाय लगाम ताणला की तो थांबत नाही, उलट जोर लावतो, कारण त्याला तेच शिकवलंय बिचाऱ्याला. म्हणून अशा रिटायर घोड्यांना सांभाळून नवं घर शोधून देणारे व्हॉलंटियर त्यांना आधी काही महिने नुसतं मोकळं चरायला सोडतात, दाणा कमी करतात, पाय तपासून घेतात, मग स्वार पाठीवर चढताना शांत उभं राहण्यापासून सगळं नव्याने शिकवतात. घर देतानाही माणूस नीट पारखूनच देतात, आणि ते हवंच.