कानातली शिट्टी, रात्रीची झोप आणि तगर-जटामांसी

लसणाच्या दोन पाकळ्या तिळाच्या तेलात काळ्या होईपर्यंत कढवायच्या, कोमट झालेल्या तेलाचे चार थेंब कानात टाकायचे आणि झोपताना तगर-जटामांसीचा काढा घ्यायचा. आठ दिवसांत कान वाजायचा थांबतो आणि गाढ झोप लागते. हा उपाय सोलापुरात यंत्रमाग कारखान्यांपासून मोबाइलवरच्या निरोपांपर्यंत सगळीकडे फिरत असतो. त्यात दोन वेगळ्या तक्रारींची एकच मोट बांधली आहे. झोपेसाठीच्या एक-दोन मुळ्यांत थोडा गुण आहे. कान वाजण्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. ते का चालत नाही हे कळलं, की काय करता येईल तेही दिसायला लागतं.

आधी तेलाचं बघू. कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाला पडदा, पडद्यामागे हवेची पोकळी, पोकळीत तीन इवलीशी हाडं आणि त्यांच्या पलीकडे, कवटीच्या अतिशय टणक हाडात कॉक्लिया, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी. तेल पडद्यापाशीच थांबतं. तरीही काहींना तेलाने बरं वाटतं, आणि त्याला कारण आहे. मळाचा खडा पडद्याला टेकून बसला तरी कान वाजतो, दडे बसतात. तेलाने तो खडा मऊ होऊन सुटतो. लसणाचा त्यात वाटा नाही, नुसतं तेलही तेवढंच काम करतं. पण लहानपणी कान वाहत असेल आणि पडद्याला भोक राहिलं असेल, तर तेच तेल मधल्या कानात उतरून जंतुसंसर्ग होतो. बोटाला कोमट लागणारं तेल कानातल्या पातळ कातडीला भाजू शकतं. पडदा शाबूत असला तरी सतत तेलकट आणि ओलसर राहिलेल्या नळीत बुरशी धरते. म्हणून आधी डॉक्टरांकडून कान आतून बघून घ्यावा, तेलाचा विचार त्यानंतर.

आता शिट्टी कुठून येते ते पाहू. कॉक्लिया उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर भरतो. त्यात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त, आणि इथे एका कानाचा सगळा कारभार पंधरा-सोळा हजारांवर. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या कानात गेलेली पेशी परत येत नाही.

धोट्याच्या यंत्रमागावर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोट्याला फटका बसतो आणि तो पलीकडच्या पेटीत आदळून थांबतो. असे माग ओळीने चालतात त्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कानाच्या दृष्टीने ८५ डेसिबल ८ तास ही काळजीपूर्वक घातलेली मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांतली ८ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि पाळी तर पुष्कळदा आठ तासांहून लांबते. तक्रार सहसा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या सुरांपासून सुरू होते. श्रवणतपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. अशा माणसाला ऐकू येतं, पण 'स', 'श', 'फ' नीट उमटत नाहीत, त्यामुळे बोलणं कळत नाही.

तपासणी चांगली आली म्हणजे कान वाचला असंही नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना २ तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. दोन-तीन आठवड्यांत त्यांची श्रवणक्षमता तपासणीत पूर्ववत दिसली, केशपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशी ज्या जोडांतून मेंदूकडे निरोप पाठवतात, त्यातले काही भागांत निम्म्याच्या आसपास जोड तुटलेले होते.

तुटलेल्या तारेमुळे आवाज कमी व्हायला हवा, मग शिट्टी का वाजते? मंडपात बोलणाऱ्याचा आवाज दबका असला की साउंडवाला बटण वर सरकवतो. बोलणारा थांबला की कर्ण्यातून घूं ऐकू येते. ती माइकसमोर कुणी काढलेली नसते, ती त्या यंत्राची स्वतःची असते, एरवी ऐकू न येणारी. मेंदूतही तसंच होतं. श्रवणचेतेचे तंतू पूर्ण शांततेतसुद्धा रिकामे बसत नाहीत, त्यातले बरेचसे सेकंदाला पन्नास-साठ विजेच्या ठिणग्या सोडत असतात. हे निरोप मेंदूच्या देठातल्या पहिल्या थांब्यावर, पृष्ठीय कॉक्लियर केंद्रकात पोहोचतात. तिथे मोठ्या चेतापेशींना लहान पेशी ग्लायसीन आणि गाबा ही रसायनं सोडून लगाम घालत असतात. ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातून निरोप यायचे कमी झाले की त्या पट्ट्यावरचा लगामही सैल पडतो. मोठ्या पेशी आपोआप जास्त आणि एकसुरात ठिणग्या सोडू लागतात. वरचे थांबे ते नेहमीसारखं वाचतात आणि 'या सुराचा आवाज येतोय' असा अर्थ लावतात. त्यामुळे शिट्टीची पट्टी बहुधा जिथे ऐकणं गेलं आहे त्याच भागातली असते.

याची खूण घरी बघता येते. कान वाजत असेल तेव्हा दात घट्ट आवळा, मग मान एका बाजूला ताणा. अनेकांची शिट्टी त्या क्षणी चढते, उतरते किंवा तिचा सूर बदलतो. जबडा आणि मान यांच्या नसा त्याच केंद्रकात येऊन मिळतात. आवाज कानाच्या नळीत असता, तर जबड्याने त्याचा सूर बदलला नसता.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. घूं सगळ्यांकडेच असते, फरक बटणाचा. कान वाजला की कुणीतरी आठवण काढतंय, ही समजूत निरुपद्रवी आहे. पण कामगाराच्या कानातल्या शिट्टीला अनाहत नाद म्हणून साधनेची खूण ठरवणं घातक आहे. त्यात श्रवणतपासणीची वर्षं वाया जातात आणि उरलेल्या केशपेशीही मागांसमोर उघड्याच राहतात.

रात्री लाइट जाऊन पंखा थांबला की शिट्टी एकदम अंगावर येते, ती याच कारणाने. बाहेरचा आवाज संपतो आणि मेंदूचं बटण आणखी वर जातं. झोप लागत नाही, झोप न लागल्याची धास्ती बसते, धास्तीने लक्ष शिट्टीवरच खिळतं, आणि दुसऱ्या दिवशी थकलेल्या मेंदूला तीच शिट्टी जास्त त्रास देते. दोन तक्रारी इथे एकमेकींना जुंपल्या जातात, म्हणून दोन्हींवर एकच मुळी चालेल असं वाटू लागतं.

तगरीचा दावाही वरवर पटणारा आहे: ती गाबाला मदत करते, लगाम गाबाचा, म्हणजे शिट्टी थांबेल. पण गाबावर तगरीहून कितीतरी जोरकस काम करणाऱ्या झोपेच्या गोळ्यांनीही कान वाजणं भरवशाने थांबत नाही, आणि वर त्यांची सवय लागते. गिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा अर्क तर कानासाठी म्हणूनच विकला जातो. त्याची ११२१ लोकांवरची ब्रिटनमधली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १२ आठवडे. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत त्यांनी तो घेऊच नये.

झोपेचं वेगळं. अश्वगंधेवर बऱ्यापैकी अभ्यास आहे. ५ चाचण्या आणि ४०० लोकांच्या एकत्रित विश्लेषणात झोपेत लहान पण खरा फरक दिसला. तो रोज ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क किमान ८ आठवडे घेणाऱ्यांत अधिक होता. एका रात्रीचं हे काम नाही. अर्क आणि चूर्ण एक समजू नका, चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. गरोदरपणात, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना किंवा यकृताचा आजार असताना ती टाळावी. घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बंद.

जटामांसी आणि तगर यांचा पुरावा तोकडा आहे. घ्यायचीच असेल तर मुळी ओळखून घ्या. जटामांसीच्या कांडीवर तांबूस तपकिरी तंतूंची दाट लव असते, खारीच्या शेपटीसारखी. तगरीची कांडी उघडी, वाकडी, गाठाळ. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर हे अगदी निराळं, चिकाचं झुडूप आहे. नाव तेच म्हणून तिचं मूळ उकळून पिऊ नये. दुसरी चूक उकळण्याची. जटामांसीचं सुगंधी तेल उडून जाणारं आहे, उघड्या पातेल्यात आटवलेल्या काढ्यात ते उरत नाही. २ ग्रॅम भरड कपात घ्या, त्यावर कढत पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर दोन्ही नकोत. जटामांसी हिमालयातून जवळजवळ उपसली गेली आहे, हेही विकत घेताना लक्षात असावं.

जायफळाबद्दल मात्र ठाम सांगायला हवं. पुरणातली चिमूट ठीक. झोपेसाठी अख्खं जायफळ उगाळून घेतलं तर ५ ग्रॅमच्या पुढे त्यातल्या मिरिस्टिसिन या द्रव्याची विषबाधा होते: छातीत धडधड, कोरडं तोंड, भास. परिणाम काही तासांनी दिसतो, तोवर 'काहीच झालं नाही' म्हणून माणूस आणखी घेतो. बाळाला तर झोपेसाठी जायफळ उगाळून देऊच नये.

कान वाजतो आणि झोप येत नाही अशा माणसाला खरा उपयोग होतो तो आवाजाचा आणि सवयीचा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र: तुटलेल्या पट्ट्यातला आवाज परत मिळाला की बटण खाली येतं. रात्री पंखा किंवा पावसाचा ध्वनी इतका हळू लावा की शिट्टी त्याखाली अंधुक ऐकू येत राहील. ती पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्री कितीही उशीर झाला तरी. साधारण २० मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत जा. पहिला आठवडा-दीड आठवडा जड जातो. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली झोप येत नसेल तर तो शरीराची उष्णता बाहेर न पडण्याचा प्रश्न आहे. तिथे मुळीपेक्षा पाणी मारलेली गच्ची बरी.

एकाच कानात शिट्टी, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड, चक्कर, अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जा. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला तर त्याच दिवशी जा. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावरचं स्टेरॉइडचं औषध पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतं, आणि ते दिवस लसणाच्या तेलात जातात.

मागावर उभं राहणाऱ्यांसाठी शेवटचं. कानात कोंबलेला कापूस आवाज फारसा अडवत नाही. फोमचे बोळे घ्या. हात धुवा, बोळा दोन बोटांत फिरवत सुरकुती न पडता बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. मग शेडमध्ये दोन्ही तळवे कानांवर दाबून बघा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर बोळा नीट बसलेला नाही, तो काढून पुन्हा घालायचा.