कभी हाँ कभी ना

एकतर्फी प्रेमावरील हिंदी विनोदी चित्रपट. दिग्दर्शक कुंदन शाह. सुनील (शाहरुख खान), अ‍ॅना (सुचित्रा कृष्णमूर्ती) व क्रिस (दीपक तिजोरी) हे गोव्यातील एका वाद्यवृंदातले सोबती. सुनीलचा जीव अ‍ॅनावर, अ‍ॅनाचा क्रिसवर. दोघांत बिब्बा घालण्यासाठी सुनील खोटे बोलतो, ते उघडे पडते आणि शेवटी अ‍ॅना क्रिसशीच लग्न करते.

चित्रपटाचे वर्ष काही सूचींत १९९३, तर काहींत १९९४ असे आढळते. तो चित्रगृहांत लागला फेब्रुवारी १९९४ मध्ये. परंतु १९९३ च्या चित्रपटांसाठीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्याला समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट पुरस्कार आणि शाहरुख खानला समीक्षकांचा अभिनय-पुरस्कार मिळाला. गोंधळ बहुधा यातूनच झाला असावा. प्रस्तुत नोंदीत प्रदर्शनाचे वर्ष ग्राह्य धरले आहे.

सुनीलचे वाद्य ट्रम्पेट. त्याला सरसकट तुतारी म्हणण्याचा प्रघात आहे, तो तितकासा बरोबर नाही. तुतारीला झडपा नसतात, त्यामुळे तिच्यातून नैसर्गिक स्वरमालेतले, म्हणजे एकाच लांबीच्या नळीतून केवळ फुंकीने उमटणारे, मोजकेच स्वर निघतात. ट्रम्पेटच्या तीन झडपांमुळे नळीची लांबी बदलते व सप्तकातील बाराही स्वर वाजवता येतात. हे वाद्य गोमंतकीय नायकाच्या हाती देण्यामागे इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांचा कणा ठरले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक होते. तथापि त्या काळच्या पडद्यावर ट्रम्पेट मुख्यतः क्लबातील नाचगाण्यांत दिसे; येथे ते नाकारल्या गेलेल्या प्रियकराचे वाद्य झाले आहे. बोलताना हमखास खोटेपणाकडे घसरणारा सुनील वाजवताना मात्र खरा वाटतो. चित्रपटाच्या संगीतयोजनेचे मर्म आम्हांस गाण्यांपेक्षा येथे अधिक दिसते.

संगीत जतिन-ललित यांचे, गीते सत्तरी ओलांडलेल्या मजरूह सुलतानपुरी यांची. ‘ऐ काश के हम’ (कुमार सानू) या गीताच्या मुखड्यातील ‘काश’ हा शब्दच मिलनाला इच्छेच्या पातळीवर ठेवतो. ‘वो तो है अलबेला’ या गीतात कुमार सानूसोबत देवकी पंडित यांचा आवाज आहे. आडनाव एक असले तरी संगीतकार-बंधूंच्या हरियाणवी पंडित घराण्याशी त्यांचा संबंध नाही. त्या मराठी गायिका असून गोव्यातील मंगेशी या देवस्थानच्या गावचे गायक जितेंद्र अभिषेकी यांच्याकडेही शिकल्या. चित्रपटात गोवा येतो तो चर्चचा आणि बँडचा. मंदिर-परंपरेतला दुसरा गोवा असा आडवाटेने, एका गायिकेच्या तालमीतून, त्यात शिरतो.

वाद्यवृंदातील इम्रानची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. पुढे ते लगान (२००१) चे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आले.